दुसरे दार

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे मुलाच्या कपाळी शिक्का बसतो तो कायमचा. म्हणून कॅलिफोर्नियाची पद्धत मला विचार करण्याजोगी वाटते. १९६० च्या आराखड्याने तेथे ठरले, की वरच्या साडेबारा टक्के मुलांना कॅलिफोर्निया विद्यापीठाचा मार्ग. कम्युनिटी कॉलेजचे दार मात्र सर्वांना उघडे. तेथे दोन वर्षे नेटाने अभ्यास केलेला विद्यार्थी बर्कलेच्या तिसऱ्या वर्षासाठी अर्ज करू शकतो. पदवी मिळते ती बर्कलेचीच!

हे दार सताड उघडे आहे, असे मात्र कुणी समजू नये. पदवी देणाऱ्या नऊ शाखांपैकी सहा शाखा अटी पुऱ्या करणाऱ्यास प्रवेशाची हमी देतात. बर्कले, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो देत नाहीत. पुष्कळजण वाटेतच गळतात. तरी कोणता विषय कोठे धरला जाईल, हे आधीच जाहीर असते. मला मोल वाटते ते याचे.

आपल्याकडे २०२१ साली क्रेडिट बँक आली. उत्तम झाले. पण आमच्या तालुक्याचे क्रेडिट शहरातले नामांकित महाविद्यालय मानणार की नाही, हे ऐनवेळी ठरणार असेल, तर पासबुक आहे पण पैसे निघत नाहीत, अशी गत! ती यादी पहिल्या वर्षाच्या प्रवेशअर्जासोबतच आमच्या हाती का पडू नये?