चरख्याचं कीचेन आणि शेणकिडा

माझ्या गाडीच्या किल्लीला एक छोटा पितळी चरखा आहे. सेवाग्रामहून परतताना घेतलेला. हल्ली तो मला ताईत वाटतो, आणि ताईतांशी माझं भांडण आहे.

प्राचीन इजिप्तमधला अतिशय लोकप्रिय ताईत म्हणजे स्कॅरब, मऊ दगडात कोरलेला शेणकिडा. शेणाचा गोळा ढकलत नेणारा हा किडा पाहून तिथल्या लोकांना सूर्य ढकलणारा देव दिसला, खेप्री. घाण वाहणाऱ्याला त्यांनी आकाशात नेऊन बसवलं. इथवर मला ते लोक आवडतात.

पण एक मोठा स्कॅरब ते ममीच्या छातीवरही ठेवत. त्याच्या पोटावर मंत्र कोरलेला असे. मेल्यावर हृदय तराजूत तोललं जाणार, तेव्हा त्यानं आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून. म्हणजे जन्मभर काहीही करा, साक्षीदाराचं तोंड बंद करायची सोय दगडात आहे.

आपला चरखा तेच करतो. 1935 मध्ये गांधी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. ते आणि त्यांचे सोबती जवळच्या सिंदी गावात जाऊन मैला बादल्यांत भरत. पुढे मीराबेन त्याच गावात राहायला गेल्या. त्या बादलीचं कीचेन कुणी गळ्यात-किल्लीत अडकवतं का? बादलीला वास येतो. चरखा स्वच्छ आहे, रीलमध्ये छान फिरतो.

कुणी म्हणेल, आठवण ठेवली तर बिघडलं काय? काहीच नाही. पण आठवण कामाला लावते, ताईत कामातून सोडवतो. हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध 1993 मध्ये कायदा झाला, 2013 मध्ये आणखी कडक झाला. तरी गटारांत माणसं गुदमरून मरतात, आणि त्यांची जात विचारायची गरज पडत नाही.

आमच्या कॉलनीत सेप्टिक टँक उपसायला एक माणूस आत उतरला, तेव्हा वास येतो म्हणून मी खिडकी लावून घेतली. चरखा खिशातच होता. हृदय काही बोललं नाही.

पुढच्या वेळी खिडकी उघडी ठेवा. खाली जा. मशीन कुठे आहे, विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्या माणसाला आत उतरू देऊ नका.