डोंगरावरील नेम आणि कोटिज्या

एका वाचक भगिनींनीं आम्हांस प्रश्न विचारला आहे. त्यांचे चिरंजीव सैन्यांत असून डोंगराळ सरहद्दीवर असतात. रजेवर घरीं आले असतां त्यांनीं सांगितलें कीं, लक्ष्य शिखरावर असो वा दरींत असो, लांब पल्ल्यावर बंदुकीचा नेम सपाटीवरल्यापेक्षां खालींच धरावा लागतो. भगिनींस हें विपरीत वाटलें. दरींत मारतांना नेम खालीं धरावा हें एक वेळ पटेल. परंतु वर मारतांनाही खालींच कां? शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर शाळेंतील भूमितीच्या फारसें पलीकडे नाहीं.

प्रथम सपाटीचा विचार करूं. गोळी सरळ रेषेंत जाते, हा लोकांचा समज चुकीचा आहे. नळींतून सुटल्या क्षणापासून ती पडूं लागते. फांदीवरून सुटलेला आंबा पडतो तशीच. पुढें धांवण्याची गति आणि खालीं पडण्याची गति या एकमेकींस अडवीत नाहींत, हें गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें. सेकंदास ८०० मीटर वेगाची गोळी ६०० मीटरांचें अंतर, हवेचा विरोध सोडून दिल्यास, पाऊण सेकंदांत तोडते. तेवढ्यांत ती सुमारें पावणेतीन मीटर खालीं येते. म्हणून नळीचें तोंड दृष्टिरेषेहून किंचित् वर उचललेलें असतें. हा उचल देणारा कोन सपाटीच्या हिशेबानें बंदुकीवर आधींच बांधलेला असतो.

आतां तीच बंदूक ४५ अंशांच्या चढावर रोखली, अशी कल्पना करा. पृथ्वीचें आकर्षण पूर्वीइतकेंच आहे आणि त्याची दिशाही तीच, म्हणजे सरळ खालीं. परंतु दृष्टिरेषा तिरपी झाल्यामुळें त्या आकर्षणाचे दोन भाग पडतात. एक भाग रेषेच्या बाजूनेंच ओढतो. तो गोळीचा वेग यत्किंचित् कमी वा अधिक करतो, इतकेंच. दुसरा भाग रेषेस काटकोनांत ओढतो. गोळीस रेषेबाहेर नेणारा तोच. चढ जितका उभा तितका हा दुसरा भाग लहान. थेट आकाशाकडे किंवा थेट विहिरींत रोखलेल्या बंदुकीस तो मुळींच उरत नाहीं. वर काय आणि खालीं काय, हिशेब एकच. नळीस दिलेली उचल मात्र सपाटीचीच राहिल्यानें ती आतां जास्त होते आणि गोळी लक्ष्याच्या डोक्यावरून जाते. आमच्या उदाहरणांत ही चूक सुमारें ८१ सेंटिमीटर भरते. शंभर मीटरांवर ती बोटाएवढीही नसते. कारण पडण्याचें माप अंतराच्या वर्गानें वाढतें.

हा हिशेब करण्याची सोपी रीत अशी : तिरपें अंतर हा कर्ण समजावा, त्याचें आडवें अंतर काढावें आणि तेवढ्याच अंतराचा नेम धरावा. ६०० मीटरांच्या कर्णास ४५ अंशांवर ४२४ मीटर आडवें अंतर येतें. आमच्या संस्कृत शास्त्रांत हीच कोटिज्या. वर्तुळाच्या कंसास चाप म्हणजे धनुष्य आणि त्यावरील रेषेस ज्या म्हणजे दोरी, हीं नांवें जुन्या गणित्यांनीं दिलीं. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथांत ज्यांचीं मानें दिलेलीं आहेत. कर्णांतून कोटिज्या वजा जातां जें उरतें, येथें १७६ मीटर, त्यास उत्क्रमज्या अथवा शर म्हणजे बाण म्हणतात. धनुष्यावरून ठेवलेलीं हीं नांवें आज बंदुकीच्या नेमास अक्षरशः लागू पडावीं, हा योग मोठा मौजेचा आहे.

या रीतीस एक मर्यादा आहे. गोळीस हवेंतून मात्र पूर्ण ६०० मीटर जावें लागतें. त्यामुळें फार लांब पल्ल्यावर ४२४ मीटरांची उचल थोडी अपुरी पडते; ६०० मीटरांचीच उचल घेऊन तिला कोटिज्येच्या गुणकानें गुणणें अधिक बिनचूक.

उंच पर्वतावर आणखी एक गोष्ट घडते. पांच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारें तीन-पंचमांशच असते. विरोध कमी, म्हणून गोळी लवकर पोहोंचते आणि कमी पडते. म्हणजे ही चूकही वरच्याच दिशेची. १९९९ सालच्या कारगिल युद्धांत टोलोलिंग व टायगर हिल येथें शत्रु माथ्यावर आणि आपले जवान पायथ्याशीं होते. अशा ठिकाणीं डोक्यावरून गेलेली गोळी शत्रूस इजा करीत नाहीं; झाडणाऱ्याची जागा मात्र सांगून जाते. कोटिज्या विसरल्याची किंमत तेथें गुणांत मोजली जात नाहीं.

हल्लीं अंतर मोजणारीं लेसर यंत्रें चढाचा कोन घेऊन हा हिशेब स्वतःच करतात. तथापि कडाक्याच्या थंडींत बॅटरी दगा देते, आणि तेथें पाठ केलेलें कोष्टकच कामास येतें : ३० अंशांस ०.८७, ४५ अंशांस ०.७१, ६० अंशांस बरोबर अर्धें. “हें शिकून उपयोग काय?” असें ज्या घरांत मुलें विचारीत असतील, तेथें वडील मंडळींनीं त्यांस एक काटकोन त्रिकोण काढावयास सांगावा, कर्णाच्या टोंकास शिखर लिहावें, आणि नेम कोठें धरावा तें त्यांच्याकडूनच काढवून घ्यावें.