विश्लेषण : स्वीडिश सुखवस्तू, व्हेनेझुएलन विवंचनेत... अमेरिकेतील दोन समाजांत इतकी तफावत का?

एका समाजाच्या पणजोबांना १८ डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन मिळाली. दुसऱ्या समाजातील डॉक्टर-इंजिनीअरांच्या हाती पडला १८ महिन्यांचा परवाना, आणि तोही मुदतीआधी काढून घेण्यात आला. अमेरिकेतील स्वीडिश आणि व्हेनेझुएलन वंशाच्या लोकांच्या उत्पन्नाची तुलना समाजमाध्यमांवर वारंवार केली जाते. ‘संस्कृतीचा फरक’ असा निष्कर्षही झटकन काढला जातो. पण या आकड्यांमागची कहाणी वेगळी आहे.

आकडे काय सांगतात?

अमेरिकी जनगणना विभाग आपल्या पाहण्यांत नागरिकांना वंशमूळ विचारतो. स्वतःला स्वीडिश वंशाचे म्हणवणारे अमेरिकी ३५ ते ४० लाखांच्या दरम्यान आहेत. त्यांच्या कुटुंबांचे मध्यक उत्पन्न, म्हणजे निम्मी कुटुंबे जिच्या वर आणि निम्मी खाली असतात ती पातळी, अमेरिकेच्या राष्ट्रीय मध्यकापेक्षा सातत्याने वर राहिली आहे. गरिबीचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी, स्वतःचे घर असणाऱ्यांचे प्रमाण जास्त. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या नावाने एक किस्सा सांगितला जातो. एक स्कॅन्डिनेव्हियन अर्थतज्ज्ञ त्यांना म्हणाला, की आमच्याकडे गरिबी नाही. त्यावर फ्रीडमन म्हणाले, की अमेरिकेतल्या स्कॅन्डिनेव्हियनांतही ती नाही.

व्हेनेझुएलन कुटुंबांचे चित्र याउलट. उत्पन्न राष्ट्रीय मध्यकाच्या खाली, गरिबी जास्त, भाडेकरूंचे प्रमाण मोठे. शिक्षणाचा रकाना मात्र चक्रावून टाकतो. २५ वर्षांवरील व्हेनेझुएलनांपैकी निम्म्याच्या आसपास लोक किमान पदवीधर आहेत. सर्व अमेरिकी प्रौढांत हे प्रमाण एक तृतीयांशाहून थोडे अधिक आहे, तर एकूण लॅटिन अमेरिकी वंशाच्या समाजात जेमतेम पाचात एक. म्हणजे सरासरी अमेरिकी माणसापेक्षा जास्त शिकलेला समाज त्याच्यापेक्षा कमी कमावतो आहे.

तुलनेतच घोटाळा...

‘स्वीडिश अमेरिकी’ म्हणून मोजले जाणारे जवळपास सगळे अमेरिकेतच जन्मलेले आहेत. बहुतेकांचे पूर्वज येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. कुणाची आजी स्वीडिश, आजोबा जर्मन, आईकडचे आयरिश. पाहणी अर्जात यातले कोणते मूळ लिहायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. प्रत्यक्ष स्वीडनमध्ये जन्मलेले यात फार थोडे. व्हेनेझुएलन समाज मात्र कालपरवाचा. २००० च्या जनगणनेत त्यांची संख्या लाखभरही नव्हती. २०१० मध्ये ती सुमारे २ लाख १५ हजार झाली, २०२१ मध्ये सुमारे ६ लाख ४० हजार आणि त्यानंतर आणखी काही लाखांची भर पडली. थोडक्यात, चौथ्या-पाचव्या पिढीची तुलना पहिल्या पिढीशी केली जात आहे. घराचे कर्ज फेडून झालेल्या माणसाची बरोबरी नुकतीच खोली भाड्याने घेतलेल्याशी करावी, तसा हा प्रकार.

न्याय्य तुलना करायची, तर स्वीडिशांच्या पहिल्या पिढीकडे जावे लागेल.

स्वीडिश कोणत्या अवस्थेत आले?

१८५० ते १९३० या काळात सुमारे १२ ते १३ लाख लोकांनी स्वीडन सोडले. १८८० च्या सुमारास स्वीडनची लोकसंख्या ४५ लाखांच्या आसपास होती, यावरून या आकड्याचे वजन लक्षात येईल. तेव्हाचा स्वीडन आजच्यासारखा कल्याणकारी, श्रीमंत देश नव्हता. १८६७ मध्ये अतिपावसाने पीक बुडाले, १८६८ मध्ये दुष्काळाने, आणि उपासमार सुरू झाली. जमिनीच्या वाटण्या होऊन तुकडे पडलेले, भूमिहीन शेतमजुरांची संख्या वाढलेली. अमेरिकेत गेलेल्या भावाच्या पत्रामागोमाग गावातली आणखी दहा माणसे बोटीत बसत.

तिथे पोहोचल्यावर सुखच वाट पाहत होते असेही नाही. मिनेसोटातील सेंट पॉल शहरात ‘स्वीड हॉलो’ नावाची वस्ती होती. ओढ्याकाठच्या घळीत फळ्यांची घरे, नळ नाही, गटार नाही, संडास थेट ओढ्यावर बांधलेले. स्वीडिश कुटुंबे थोडी सावरून टेकडीवर राहायला गेली, तशी त्याच झोपड्यांत इटालियन आले, मग मेक्सिकन. अखेर १९५६ मध्ये शहर प्रशासनाने ती वस्ती रिकामी करून जाळून टाकली. शिकागोत स्वीडिश मुली मोठ्या संख्येने घरकामाला असत. रॉकफर्ड आणि जेम्सटाऊनच्या फर्निचर कारखान्यांत स्वीडिश सुतार राबत.

त्यांना ‘आपले’ मानले जात होते, हेही पूर्ण खरे नाही. स्वीडिश लोक सावळ्या वर्णाचे, असे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५१ मध्येच लिहून ठेवले होते! एक भांडवल मात्र स्वीडिशांजवळ होते, ते म्हणजे अक्षरओळख. लुथरन चर्चमुळे वाचनाची सक्ती जुनी होती आणि १८४२ पासून प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा बंधनकारक झाली होती. तरीही बहुसंख्य लोक होते शेतमजूर, सुतार आणि मोलकरणी. आजच्या व्हिसा अधिकाऱ्यासमोर उभे राहिले असते, तर यातल्या किती जणांना प्रवेश मिळाला असता?

मग बदल कशामुळे झाला?

एक म्हणजे, कागद. पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपातून येणाऱ्याला व्हिसाच लागत नसे. बंदरावर तपासणी झाली, आजार किंवा अन्य हरकत निघाली नाही, की माणूस कायमचा आत. काम करायला वेगळा परवाना नको. साधारण पाच वर्षांनी नागरिकत्व.

दुसरी, जमीन. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक अर्जदाराला १६० एकर सरकारी जमीन देऊ केली. एकूण शुल्क १८ डॉलर, अट पाच वर्षे राहून जमीन कसण्याची. त्यासाठी नागरिक असणेही आवश्यक नव्हते. नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला तरी पुरे. सगळेच स्वीडिश शेतकरी झाले नाहीत, १९१० पर्यंत बहुसंख्य शहरांत होते. पण ज्यांना जमीन मिळाली त्यांच्या मुलांना वारसा मिळाला, तारण मिळाले. उत्पन्नाच्या तक्त्यात हे दिसत नाही, कारण तो वर्षाची कमाई मोजतो, आजोबांनी ठेवलेले नव्हे.

ही जमीन रिकामी नव्हती. होमस्टेड कायदा आला त्याच वर्षी मिनेसोटात उपाशी ठेवल्या गेलेल्या डकोटा आदिवासींनी उठाव केला. तो मोडून २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅन्काटो येथे ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी देण्यात आली आणि पुढच्या वर्षी या जमातीला राज्याबाहेर घालवले गेले. स्वीडिश सुबत्तेच्या हिशेबात ही नोंद सहसा केली जात नाही.

नागरिकत्वही सर्वांसाठी खुले नव्हते. १७९० च्या कायद्याने ते ‘गोऱ्या’ व्यक्तींपुरते ठेवले होते, नंतर त्यात आफ्रिकी वंशाची भर पडली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात सेवा केलेले भगतसिंग थिंड यांना १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले, ते भारतीय ‘गोरे’ ठरत नाहीत या कारणाने. फ्रँकलिन यांच्या नजरेतले सावळे स्वीडिश मात्र तोवर निःसंशय गोरे झाले होते.

आणखी एक बाब. सुमारे पाचवा हिस्सा स्वीडिश स्थलांतरित मायदेशी परतले. ज्यांचे बस्तान बसले नाही अशांचाही त्यात समावेश होता. त्यामुळे मागे राहिलेल्यांची सरासरी आपोआप चांगली दिसते. व्हेनेझुएलनांना परतीची अशी वाट सोपी राहिली नाही.

व्हेनेझुएलन का बाहेर पडले?

एकेकाळी व्हेनेझुएला हाच स्थलांतरितांना खेचणारा देश होता. तेलाच्या पैशावर दुसऱ्या महायुद्धानंतर स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज आणि पुढे कोलंबियन तिथे स्थायिक झाले. उलटा प्रवाह सुरू झाला तो ह्यूगो चावेझ यांच्या काळात. २००२-०३ च्या संपानंतर सरकारी तेल कंपनीतील सुमारे १८ हजार कर्मचारी काढून टाकण्यात आले. त्यातले अनेक अभियंते ह्यूस्टनसारख्या तेलनगरींत गेले. पैसेवाल्यांनी मायामीजवळ घरे घेतली. तिथल्या डोरल शहरात आज साधारण तीनात एक रहिवासी व्हेनेझुएलन आहे. गावाचे टोपणनावच ‘डोरलझुएला’ पडले आहे.

ही पहिली लाट सधन होती. २०१३ नंतर देशाची अर्थव्यवस्था आठ वर्षांत सुमारे तीन चतुर्थांशाने आकसली. २०१८ मध्ये चलनातील पाच शून्ये कापावी लागली, २०२१ मध्ये आणखी सहा. ७५ लाखांहून अधिक लोक देशाबाहेर पडले. त्यातले बहुतेक अमेरिकेत नव्हे, तर कोलंबिया, पेरू अशा शेजारी देशांत आहेत. त्यांच्यापैकी काही पुढे पनामालगतचे डॅरिएनचे जंगल पायी तुडवत उत्तरेकडे निघाले. २०२३ या एका वर्षात पाच लाखांहून अधिक लोकांनी ते जंगल ओलांडले, त्यात निम्म्याहून जास्त व्हेनेझुएलन होते. त्यामुळे ‘व्हेनेझुएलन सरासरी’ हीदेखील फसवी आहे. डोरलमधला २००४ चा बंगलेवाला आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या निवारागृहात आलेला तरुण, दोघे एकाच रकान्यात मोजले जातात.

पदवी आहे, मग पैसा का नाही?

काराकासमध्ये दहा वर्षे काम केलेल्या डॉक्टरला अमेरिकेत परवाना परीक्षा देऊन बहुधा पुन्हा निवासी डॉक्टर व्हावे लागते. त्यासाठी वेळ, पैसा, इंग्रजी आणि कायदेशीर स्थैर्य चारही लागते. आश्रयासाठी अर्ज केला, तर वर्क परमिटसाठी किमान १८० दिवस थांबायचे. तोवर घर चालवायला हाताला मिळेल ते काम. टॅक्सी, डिलिव्हरी, बांधकाम, साफसफाई.

आणि वर्क परमिट मिळाले तरी ते किती काळाचे? मार्च २०२१ मध्ये बायडेन प्रशासनाने व्हेनेझुएलनांना ‘टीपीएस’ म्हणजे तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा दिला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली. हा दर्जा एका वेळी जास्तीत जास्त १८ महिन्यांचा. त्यातून ग्रीन कार्डाकडे थेट वाट नाही. २०२५ च्या सुरुवातीला ट्रम्प प्रशासनाने तो मागे घेतला. खालच्या न्यायालयाने अडवले, पण १९ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला मोकळीक दिली. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या डोक्यावरचे छत्र त्याने हलले. २०२१ च्या गटाचा दर्जाही नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. ज्या डोरलने २०२४ मध्ये ट्रम्प यांना कौल दिला, तिथल्याच अनेक घरांत ही नोटीस पोहोचली.

दर्जा अनिश्चित असेल, तर बँक घरासाठी कर्ज देताना कचरते, मालक बढती देताना विचार करतो, माणूस स्वतःही तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात पैसे घालत नाही. एच-१बी व्हिसावर असलेल्या मराठी कुटुंबांना हे समजावून सांगायला नको. त्यांचा पगार चांगला असतो एवढाच फरक.

क्युबनांचे उदाहरण

कागदाचा परिणाम पाहायचा असेल, तर डोरलपासून लांब जायला नको. त्याच मायामी परिसरात क्युबन राहतात. तीच भाषा, तशाच राजवटीपासून पळालेले. पण १९६६ च्या क्युबन अॅडजस्टमेंट कायद्याने रीतसर प्रवेश मिळालेल्या क्युबनाला एक वर्ष राहिल्यावर ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. आरंभीच्या क्युबनांना सरकारी कर्जे आणि व्यावसायिकांसाठी प्रशिक्षणही मिळाले. पुढे मायामीतल्या बँका, बांधकाम आणि राजकारण त्यांच्या हाती आले. व्हेनेझुएलनांसाठी असाच कायदा करावा, असे प्रस्ताव फ्लोरिडाच्या लोकप्रतिनिधींनी काँग्रेसमध्ये मांडले आहेत. ते पुढे सरकलेले नाहीत.

पुढची पिढी कुठे असेल?

रॅन अब्रामित्झ्की आणि लिआ बुस्तान या अर्थतज्ज्ञांनी जुन्या जनगणनांतील लाखो नोंदी जुळवून वडील आणि मुलांच्या कमाईचा माग काढला. त्यांचे ‘स्ट्रीट्स ऑफ गोल्ड’ हे पुस्तक २०२२ मध्ये आले. स्थलांतरितांची मुले तेव्हा ज्या वेगाने वर गेली, साधारण त्याच वेगाने आजही जातात आणि पालक कोणत्या देशातून आले याने फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. याचे एक कारण पालक संधी असलेल्या शहरांत वस्ती करतात हे. दुसरे असे, की पालक आपल्या कुवतीपेक्षा खालचे काम करत असतात. टॅक्सी चालवणाऱ्या डॉक्टरची मुलगी टॅक्सीचालकाची मुलगी म्हणून मोजली जाते, वाढते मात्र डॉक्टरच्या घरात. अर्थात, या अभ्यासात आजचे व्हेनेझुएलन नाहीत. त्यांची मुले अजून शाळेत आहेत.

शिवाय त्या जुन्या मुलांजवळ एक गोष्ट होती. स्वीडनमध्ये दुष्काळ पडला त्याच वर्षी, जुलै १८६८ मध्ये, अमेरिकेच्या राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती झाली आणि अमेरिकी भूमीवर जन्मलेल्याला नागरिकत्व मिळू लागले. स्वीड हॉलोमधल्या झोपडीत जन्मलेले मूल पहिल्या दिवसापासून अमेरिकी होते. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेला आदेश हाच हक्क बेकायदा किंवा तात्पुरत्या दर्जावर राहणाऱ्यांच्या मुलांना नाकारतो. न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आदेशाच्या शब्दांत व्हेनेझुएलन पालक येतात, तशीच एच-१बीवर असलेली आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे ताटकळणारी न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातील भारतीय कुटुंबेही येतात.