पहिल्या तासातले हीरो

लास वेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर. मेन इव्हेंटला 10,000 डॉलर भरून बसायचं आणि पहिल्याच तासात 'ऑल इन'! बॉस, कशाला? मला हे कधीच पटत नाही.

जरा हिशेब बघा. 2025 मध्ये सुरुवातीला हातात 60,000 चिप्स होत्या, ब्लाइंड्स 100-200. म्हणजे तब्बल 300 बिग ब्लाइंड्स! मग घाई कसली? आणि हा काही दिवाळीतला तीन पत्तीचा डाव नव्हे. चिप्स संपल्या की खिशात हात घालून पुन्हा बसता येत नाही. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची आशा दुप्पट होत नाही. शून्य झाल्या की मात्र खेळ खलास.

म्हणून माझा फंडा सोपा आहे. पंजांची जोडी आली? स्वस्तात फ्लॉप बघा. तिसरा पंजा आठ-नऊ वेळांत एकदाच लागतो, पण लागला की एक्क्यांच्या जोडीवर अडून बसलेला समोरचा भरपूर देऊन जातो. नाही लागला तर पानं टाका, कॉफी मागवा. फक्त तो अडून बसणारा तुम्ही नसाल, एवढं सांभाळा.

पहिल्या दिवशी स्पर्धा कोणीच जिंकत नाही. हरतात मात्र पुष्कळ!