वाफेवरचे जेवण दुखणेकऱ्यांचेच काय?

“हे काय दुखणेकऱ्याचे जेवण!” वाफेवर शिजविलेली मासळी आमच्या घरी प्रथम ताटात आली, तेव्हा वडिलांच्या तोंडून निघालेले हे उद्गार. नवागामातील पुष्कळशी मराठी घरे जळगाव, धुळे, नंदुरबार या बाजूंनी कापड-उद्योगाच्या ओढीने सुरतेस आलेली. येताना आमच्या वडीलधाऱ्यांनी काळा मसाला आणला आणि तेलाचा तवंग नसेल त्याला रस्सा म्हणावयाचे नाही, हा दंडकही आणला. त्या रश्श्याची निंदा करण्याइतका मी कृतघ्न नाही. रविवारी दुपारी तो अवश्य असावा. परंतु बारा तास यंत्रमागापुढे उभे राहून रात्री घरी येणाऱ्या माणसाने तो पोटभर खाऊन लगेच आडवे व्हावे आणि मध्यरात्री छातीत जळजळते म्हणून उठून बसावे, हे मला पाहवत नाही.

वाफ आपल्याला परकी आहे, असे तर मुळीच नाही. वाटलेल्या डाळीचे फुनके आमच्या खानदेशात वाफेवरच शिजतात आणि कढीबरोबर मिटक्या मारीत खाल्ले जातात. उकडीचे मोदक तर साक्षात् गणपतीचा नैवेद्य! शेजारच्या गुजराती घरी अळूची पातरां उकडतात. हिवाळ्यात वलसाडच्या बाजूस रस्त्याच्या कडेला मडकी उपडी घालून भोवती जाळ करतात. आत पापडी आणि कंद आपल्याच ओलाव्यात शिजतात. ते उंबाडियुं खावयास लोक वाट वाकडी करून जातात. पारशी कुटुंबांत तर पापलेटला हिरवी चटणी माखून, केळीच्या पानात बांधून वाफवितात आणि तो पदार्थ लग्नाच्या पंगतीत मानाने वाढतात. मग आमच्याच घरी मासळीने काय पाप केले आहे?

कृती अवघड नाही. मी विद्यार्थी असून ती करतो, यावरून वाचकांनी काय ते ओळखावे. ओले खोबरे, कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, जिरे, मीठ व लिंबाचा रस यांची चटणी वाटावी. केळीचे पान विस्तवावर क्षणभर फिरविले म्हणजे मऊ पडते व दुमडताना फाटत नाही. त्यात चटणी लावलेले तुकडे बांधावेत. पातेल्यात दोन पेले पाणी उकळत ठेवून वर चाळणी बसवावी, आणि झाकणाला फडके गुंडाळावे, म्हणजे पाण्याचे थेंब अन्नावर पडत नाहीत. दहा-बारा मिनिटे पुरतात. विज्ञानाच्या तासाला शिकलेले येथे उपयोगी पडते : एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना ती सुमारे 540 कॅलरी उष्णता देते. मासळीचे मांस मुळातच नाजूक, त्याला अधिक काय हवे? भाजीचेही तसेच. ती पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, तर क जीवनसत्त्वाचा बराच भाग मोरीत जातो. वाफेवर ही हानी कमी होते.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मसाला शिळेपण झाकतो, वाफ काहीच झाकीत नाही. म्हणून कल्ले लाल, डोळे तजेलदार आणि बोटाने दाबताच मांस पुन्हा वर येईल, अशीच मासळी घ्यावी. तशी न मिळाल्यास त्या दिवशी नुसत्या भाजीवर भागवावे.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरे आहेत आणि शेजारी शाकाहारी आहेत. मासळी तळली की त्यांच्या खिडक्या खाडकन् बंद होत. कोणी भांडत नसे, पण आईची मान खाली जाई. पानात बांधलेल्या मासळीचा वास फारसा दूर जात नाही. घरातही आजी माळकरी. तिच्यासाठी गाजर, फुलकोबी व पापडी वेगळ्या भांड्यात आधी वाफवून, वर लिंबू पिळून देतो. मासळीचे पातेले त्यानंतरच चुलीवर चढते. पूर्वी मासळीच्या दिवशी ती ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसे. आता ती आमच्याबरोबर पहिल्या पंगतीला जेवते आणि मग हात धुऊन उठते.

वडिलांचे मन अजून पुरते वळलेले नाही. बसताच ते मिरचीच्या ठेच्याची वाटी मागतात. ती मी आधीच ताटाशेजारी ठेवलेली असते.