घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स : काम आपलंच आहे!

'लिनक्स' हा शब्द आपल्याला नवा नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला आपण चार कमांड टाइप करतो, जर्नलमध्ये आउटपुट उतरवतो, व्हायव्हाला 'कर्नल म्हणजे काय' याचं पाठ केलेलं उत्तर देतो आणि मार्क घेऊन मोकळे होतो. पण शनिवारी एसटीने गावी गेलं की घरच्या टेबलावर काय असतं? दुकानदाराने 'टाकून दिलेली' विंडोजची क्रॅक कॉपी! लिनक्स लॅबमध्ये ठेवून देण्याचा विषय नाही, तो घरी न्यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत्ताच का? तर विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढे वर्षभराच्या वाढीव अपडेटची सोय दिली गेली, पण ती मलमपट्टीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण २०१७ नंतरचा, म्हणजे आठव्या पिढीचा. आमच्या सेलूसारख्या गावात घरोघरी असलेले कॉम्प्युटर याच्या कितीतरी आधीचे. कुणाच्या मोठ्या भावाच्या डिप्लोमासाठी घेतलेला, कुणी नागपूरहून सेकंडहँड आणलेला. मशीन ठणठणीत आहे, पण हिशेबात भंगार!

आणि त्याच मशीनवर घरचे काय करतात? सातबारा काढतात, लाइट बिल भरतात, बहिणीचा सीईटीचा फॉर्म भरतात, बँकेचा पासवर्ड टाकतात. क्रॅक कॉपीत कोणी काय भरून ठेवलंय, कुणाला ठाऊक? घराला कुलूप लावायचं आणि किल्ली अनोळखी माणसाकडे ठेवायची, त्यातलाच हा प्रकार. घरातला इंजिनिअर होऊ घातलेला मुलगा किंवा मुलगी हे बघून गप्प बसत असेल, तर ते शिकून उपयोग काय?

लिनक्सचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कर्नल लिहून लोकांसमोर ठेवला. विद्यार्थी, हे लक्षात घ्या! पुढे २००४ मध्ये 'उबुंटू' आली. तिच्या सीड्या २०११ पर्यंत मागेल त्याला पोस्टाने फुकट घरपोच मिळायच्या. २००६ मध्ये 'लिनक्स मिंट' आली. आपल्या सीडॅकनेही २००७ मध्ये 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स काढली. केरळातल्या सरकारी शाळांत तर मुलं कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. मग आपलंच घोडं कुठं अडलं?

नवशिक्यांच्या घरासाठी मी मिंट सुचवतो. खाली डावीकडे मेनू, डेस्कटॉपवर आयकॉन, सगळं ओळखीचं. कमीत कमी २ जीबी रॅम लागते, पण ४ जीबी असेल तर बरं. मशीन फारच जुनं असेल तर तिची 'एक्सएफसीई' आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.

आमच्या घरी ४ जीबी रॅमचा जुना आय-थ्री होता. जुनी हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली, म्हणजे फोटो आणि कागदपत्रं सगळी सुरक्षित. तिच्या जागी लहानशी एसएसडी बसवली. होस्टेलवरूनच मिंटची आयएसओ फाइल डाउनलोड करून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवून नेली होती, कारण गावच्या नेटवर तीन जीबीच्या आसपासची फाइल उतरवणं म्हणजे तपश्चर्याच. सुरू करताना बूट मेनूची की दाबली की मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालते. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासून घेता येतं. समाधान झालं की मगच 'इन्स्टॉल'. अर्ध्या तासात काम फत्ते. एकच सांगतो, लोडशेडिंगची वेळ बघून बसा!

मेनू मराठीत करता येतो, काही शब्द मात्र इंग्रजीच राहतात. युनिकोड मराठी इनस्क्रिप्टने टाइप होते. लिबर ऑफिस आणि फायरफॉक्स आधीच घातलेले असतात. काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काऊन रे, ते इंटरनेट कुठं ठेवलं तू?" ब्राउझरचं आयकॉन मोठं करून समोर ठेवलं, प्रश्न मिटला. घरच्यांना ऑपरेटिंग सिस्टिमशी काही देणंघेणं नसतं, त्यांना आपलं काम झालं म्हणजे पुरे.

आता दुसरी बाजू. लिनक्स म्हणजे रामबाण औषध नव्हे. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स त्यावर सरळ चालत नाहीत. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल किंवा छपाईचं काम श्रीलिपीत असेल, तर तिथं विंडोज राहू द्या, पण रीतसर विकत घेतलेली. काही प्रिंटर आणि स्कॅनरही त्रास देतात. हे आधी न सांगता 'लिनक्स बेस्ट' म्हणून कुणाच्या मशीनवर चढवणं ही सेवा नव्हे, हौस झाली.

खरी अडचण इन्स्टॉल करण्यात नाहीच, ती नंतर येते. आपण सोमवारी कॉलेजला निघून येतो आणि घरी काही अडलं की लोक पुन्हा त्याच दुकानात जातात. तो शंभर-दोनशे घेऊन पुन्हा क्रॅक कॉपी टाकतो. म्हणून इन्स्टॉल करणाऱ्याने निदान वर्षभर फोन उचलायची तयारी ठेवावी. अपडेट कसं करायचं हे वहीच्या एका पानावर मराठीत लिहून टेबलाजवळ चिकटवावं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिबर ऑफिसचे मराठी धडे आहेत, ते डाउनलोड करून ठेवावेत.

आपल्या वर्ध्यात मगन संग्रहालय आहे, १९३८ सालचं. तिथं चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारं मांडलेली आहेत. त्यामागचा विचार साधा आहे: अवजार असं असावं, की ते वापरणाऱ्याला समजावं आणि त्याच्या गावातच दुरुस्त व्हावं. आज कॉम्प्युटर हेही घरचं अवजारच आहे. ते कधी भंगारात जावं हे दूरची कंपनी ठरवणार, की आपण?

तेव्हा पोट्टेहो आणि पोरींनो, दिवाळीच्या सुट्टीत फराळासोबत एक पेन ड्राइव्हही घरी न्या. आधी आपलं घर, मग शेजाऱ्याचं. व्हायव्हाला मिळणाऱ्या मार्कांपेक्षा हे शिक्षण जास्त टिकेल, हे नक्की!