टाचेचे हाड जुळते, कातडीचे काय?

झाडावरून, विहिरीच्या कामावरून किंवा बांधकामाच्या परातीवरून माणूस उभाच्या उभा खाली आला, की अंगाचा सगळा भार टाचेवर पडतो आणि आतले हाड चिरडते. कळमनुरी, सेनगाव, औंढ्यासारख्या शेतीवर जगणाऱ्या तालुक्यांत असा रुग्ण बहुधा घरचा कमावता माणूस असतो. ‘आजच ऑपरेशन करा’ हा नातेवाइकांचा आग्रह म्हणून समजण्यासारखा आहे. पण टाचेच्या बाबतीत घाई नडते.

कारण प्रश्न हाडापेक्षा कातडीचा आहे. टाचेच्या बाहेरच्या बाजूची कातडी पातळ असते. तिच्याखाली स्नायूंची गादी नसते. तिला रक्त मुख्यतः एका बारीक धमनीतून मिळते. प्लेट बसवण्यासाठीचा मोठा, काटकोनी छेद नेमका इथेच घ्यावा लागतो. त्याच्या कोपऱ्यावर रक्त कमी पोहोचले, तर जखम काळी पडते, चिघळते आणि जंतुसंसर्ग हाडापर्यंत जातो.

त्यात भर टूर्निकेटची. मांडीला बांधलेला हा हवेचा पट्टा पायाचे रक्त अडवतो. हार्वे कुशिंग या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९०४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पट्ट्यामुळे रक्तस्राव न होता तुकडे नीट दिसतात, जुळवता येतात. मात्र तेवढा वेळ ऊतींना प्राणवायू मिळत नाही. म्हणून साधारण २ तासांची मर्यादा पाळतात. पट्टा सोडला की रक्त वेगाने परततो, पाय सुजतो आणि टाक्यांवर ताण येतो.

दोष पट्ट्याचा नाही. तो कधी आणि किती वेळ बांधला, याला महत्त्व आहे. सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत, म्हणजे बहुधा १ ते २ आठवडे, थांबणे हिताचे. उघडी जखम असेल किंवा हाडाचा तुकडा कातडीला आतून ताणत असेल, तर मात्र थांबू नये. काही रुग्णांत लहान छेदावर काम भागते. मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि बिडी-तंबाखू सोडणे हे रुग्णाच्या हातात आहे. दोन्ही बारीक रक्तवाहिन्यांचे शत्रू.

हिंगोलीत २०२४-२५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. उद्याचे डॉक्टर इथे घडताना प्रत्येक केसपेपरवर पट्टा किती मिनिटे होता आणि जखम किती दिवसांत भरली, या दोन नोंदी हव्यात. एक्स-रे सुंदर आला, पण जखम भरली नाही, तर मजूर कामावर परतत नाही.